शांतं पापम्! 'कोसला'ला अडीच तारे

अडीच. पाचपैकी अडीच. आणि कुणाला, तर 'कोसला'ला!

गेल्या महिन्याच्या शेवटच्या रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत हे घडलं आणि दहा वाजायच्या आत तिन्ही विंगांत पसरलं. उद्या पाणी येणार नाही ही बातमीसुद्धा इतक्या वेगाने कधी फिरलेली नाही. सी विंगमधली ती आयटीतली मुलगी हो. दिसायला इतकी सालस, लिफ्टपाशी भेटली की हातातली पिशवी धरते. तिनेच स्टेटसला पुस्तकांच्या चळतीचा फोटो टाकला. शेजारी कॉफीचा मग, मागून मनीप्लांटचं एक पान मुद्दाम ओढून आणलेलं, आणि वर मथळा, 'या महिन्यात वाचून झालेली'. खाली एकेकाला गुण. 'रारंगढांग', पाच तारे. 'ययाति', साडेतीन. 'पार्टनर', तीन. 'रणांगण', पाच आणि एक रडका चेहरा. 'कोसला', अडीच.

ए विंगमधल्या निवृत्त बँकवाल्या काकांनी म्हणे रात्रीच फोन लावला, तोही तिच्या वडिलांना. "नेमाडेंना अडीच? मग पाच कुणाला देणार, कालनिर्णयला?" वडील बिचारे गांगरले. त्यांना वाटलं मेंटेनन्सचं काहीतरी थकलंय.

आता तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय. अहो, साथ आली आहे साथ! महिना संपत आला की पगाराच्या मेसेजआधी लोक पुस्तकांच्या फोटोंची वाट बघतात. पूर्वी वाचणं ही कशी घरातल्या घरात उरकायची गोष्ट होती. लायब्ररीतून पुस्तक आणायचं, रविवारी जेवणं झाली की लोळत वाचायचं, तारीख उलटायच्या आत परत करायचं. कुणी विचारलंच तर "छान आहे" म्हणायचं. त्या 'छान आहे'मध्ये खांडेकरांपासून बाबूराव अर्नाळकरांपर्यंत सगळे गुण्यागोविंदाने नांदायचे. आता "छान आहे" म्हटलं की समोरची विचारते, "म्हणजे किती?"

या 'किती'ची लागण गुडरीड्सवरून झाली. २००७ साली सुरू झालेलं आणि २०१३मध्ये अ‍ॅमेझॉनने विकत घेतलेलं हे प्रकरण. जानेवारीत तिथे आकडा टाकायचा, वर्षात इतकी पुस्तकं वाचीन म्हणून. मग ते बारा महिने मोजत बसतं आणि मागे पडलात की तोंडावर सांगतं, तुम्ही ठरल्यापेक्षा तीन पुस्तकं मागे आहात. माझ्या शेजारच्या वहिनी तर एका जुलैत इतक्या मागे पडल्या की त्यांनी पोराचे 'फास्टर फेणे' रातोरात उरकले. पोरगं म्हणालं, "आई, ती माझी पुस्तकं आहेत." वहिनी म्हणाल्या, "पण वाचली कुणी?"

गुडरीड्सवर अर्धा तारा देता येत नाही. म्हणून आमच्याकडचे चोखंदळ लोक तो वेगळा लिहून दाखवतात. म्हणजे बघा, ते अडीच काही बोट घसरून पडलेले नाहीत. विचार करून, हाताने लिहून दिलेले अडीच!

त्यामुळे शनिवारच्या पुस्तक भिशीत मुलीची झडती होणार हे ठरलेलंच होतं. आमच्या भिशीत दर महिन्याला सगळ्या जणी पैसे काढतात, चिठ्ठी निघेल तिला त्या पैशांची पुस्तकं आणि बाकीच्यांना बटाटेवडे. एरवी चर्चा वड्यांचीच जास्त होते. त्या दिवशी वडे थंड झाले. तिला विचारलं, बाई गं, का असं केलंस? ती न डगमगता म्हणाली, "दोन तारे मनीचे. बाकी सगळ्याचा मिळून अर्धा."

ज्यांनी वाचलंय त्यांना लगेच कळलं. ज्यांनी वाचलं नव्हतं त्यांनी माना जोरात हलवल्या. पांडुरंग सांगवीकर गावाहून पुण्याला कॉलेजात जातो, हॉस्टेलात राहतो, बापाच्या पैशावर नाही नाही ते उद्योग करतो, मेसचा कारभार अंगावर घेऊन फसतो, परीक्षेत आपटतो आणि शेवटी गावाकडे. या सगळ्यात त्याची धाकटी बहीण मनी देवीने जाते. ती पानं वाचून कोरड्या डोळ्यांनी उठलेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. मुलीचं म्हणणं, ती पानं सोडली तर हा नुसता कुरकुरतो. "आमच्या हॉस्टेलला असले चार जण होते," ती म्हणाली. "त्यांच्यावर कुणी कादंबरी लिहिली नाही."

शांतं पापम्! पण मला विचाराल तर (कुणी विचारलं नव्हतं म्हणा) तिचं निम्मं मला पटलं. कुरकुर आहेच. पण काय कुरकुर आहे! हॉस्टेलातले उपद्व्याप वाचताना मी लोकलमध्ये एकटीच खुदकन हसले आणि समोरच्या बाईने पर्स जवळ ओढली. पंचवीस वर्षांच्या मुलाने १९६३ साली गावी बसून पंधरा-सोळा दिवसांत हे लिहून काढलं म्हणतात. त्या वयात आमच्याकडची मुलं बायोडेटा लिहायला महिना लावतात. माझे साडेचार. अर्धा कापला, कारण नंतर आठवडाभर आमच्या घरात सगळे जण 'वगैरे' लावून बोलत होते वगैरे.

खरी गंमत पुढे आहे. बँकवाल्या काकांनी भिशीत आपली स्वतःची प्रत पाठवली. "तिला म्हणावं, पुन्हा नीट वाच." प्रत हातोहात फिरली. खाकी कव्हर, आत शाईच्या पेनाने नाव, खाली सही, सहीखाली दोन रेघा. पहिली पानं हाताळून मऊ पडलेली, कोपरे गोल झालेले, एका पानावर कपाच्या बुडाचं वर्तुळ. पस्तीस-चाळीस पानांनंतर मात्र सगळं कोरं करकरीत, मधे फिरकलेल्या माणसाची खूण नाही. आणि बरोब्बर त्या सीमेवर खुणेला घातलेलं रेल्वेचं तिकीट. दादरचं, दुसऱ्या वर्गाचं, पुठ्ठ्याचं! रेल्वेने ती पुठ्ठ्याची तिकिटं बंद करूनही जमाना झाला. कुणी काही बोललं नाही. वरच्या मजल्यावरच्या आजींनी तेवढं तिकीट उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "गाडी दादरच्या पुढे गेलेली दिसत नाही."

म्हणजे नेमाड्यांना लिहायला पंधरवडा, मुलीला वाचायला आठवडा, आणि काका अजून वाचतायत.

तेव्हापासून आमच्याकडे नवीनच उद्योग सुरू झालाय. कुणाच्या घरी गेलं की कपाटातलं जाड पुस्तक सहज काढल्यासारखं काढायचं आणि पानं कुठपर्यंत मळली आहेत ते बघायचं. वाईट सवय आहे. फार मजा येते.

आकडा वाढवायचा तर बारीक पुस्तकं शोधावीत, ही या साथीतली पहिली युक्ती. लायब्ररीतल्या ताई सांगत होत्या, हल्ली बायका पुस्तक हातात घेतात ते आधी शेवटच्या पानाचा आकडा बघायला. अशा बारीक बघून निवडलेल्या 'रणांगण'ने अर्ध्या सोसायटीला दगा दिला. शेजारच्या वहिनींनी ते आणलं ते केवळ सडपातळ म्हणून. दोन दुपारी, झालं, महिन्याचा आकडा एकाने पुढे, असा हिशोब. दोन दुपारी लागल्या खऱ्या. पण मग उरलेल्या महिन्यात त्यांनी दुसरं काही उघडलंच नाही. गुडरीड्सने मागे पडल्याची सूचना पाठवली, तीही वाचली नाही.

विश्राम बेडेकरांची ही कादंबरी १९३९ची. युरोपातून निघालेली बोट, बोटीवर हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू, त्यांच्यातली हॅर्टा आणि मायदेशी परतणारा चक्रधर. त्याला मुंबईला उतरायचं आहे, तिचा प्रवास पुढचा आहे. बस, एवढंच. शेवट सांगत नाही, नाहीतर वहिनी बोलणं टाकतील. पण १९३९ हा आकडा जरा नीट बघा. त्या माणसांचं पुढे काय होणार होतं ते लिहिणाऱ्याला तेव्हा ठाऊक असणं शक्यच नव्हतं. आपल्याला ठाऊक आहे. आपण पान उलटतो ते ते सगळं माहीत असलेल्या हातांनी, आणि म्हणून बोटीवरची साधी थट्टामस्करीसुद्धा वाचवत नाही. पाचाला सहावा तारा जोडायची सोय हवी होती असं मला या एकाच पुस्तकाच्या वेळी वाटलं.

आता बेडेकरांच्या घरातली एक गोष्ट सांगते, जरा जवळ या. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' नावाचं कथांचं पुस्तक आलं. लेखिका विभावरी शिरूरकर. हे नाव कुणी कधी ऐकलेलं नव्हतं. आत काय, तर शिकलेल्या, वय वाढत चाललेल्या, घर चालवणाऱ्या आणि लग्नावाचून राहिलेल्या मुली, आणि त्यांच्या मनात काय काय येतं ते. महाराष्ट्रात जो गहजब झाला म्हणता! ही कोण बाई? बाई तरी आहे का, की बाईच्या नावाने लिहिणारा कुणी पुरुष? चांगल्या घरातली असेल का? त्या विभावरी म्हणजे बाळूताई खरे. पुढे त्यांचं लग्न झालं आणि त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. नवरा कोण? हेच ते, 'रणांगण'वाले! एका छपराखाली असली दोन माणसं. त्या घरात सकाळच्या चहाला काय बोलणं होत असेल हो?

'कळ्यांचे निःश्वास' आमच्या भिशीत फिरलं आणि तरण्या मुलींनी तीन तारे देऊन परत केलं. "यात काय आहे?" एक जण म्हणाली. "एवढ्यावरून गहजब?" आजी ऐकत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझी आत्या शाळेत शिकवायची. पगार झाला की पाकीट तसंच माझ्या आजोबांच्या हातात. तिच्यासाठी स्थळं बघायचं घरात कुणाला आठवायचंच नाही. आम्ही पोरं तिला कौतुकाने कमावती म्हणायचो." मग त्यांनी वडा मोडला आणि सांगितलं, "माझे पाच लिही." लिहिले.

तारे द्यायच्या आधी आपल्याकडे दंड करत असत, हे हल्लीच्या मुलींना माहीत नाही. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' १९६२च्या 'रंभा'च्या दिवाळी अंकात आली आणि अश्लील म्हणून कोर्टात गेली. उच्च न्यायालयाने काकोडकरांना पंचवीस रुपये दंड केला. काकोडकर थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६९ साली सुटले. विचार करा, दिल्लीतल्या न्यायमूर्तींना मराठी दिवाळी अंकातली कथा बारकाईने तपासावी लागली. इतका लक्षपूर्वक वाचणारा वर्ग आज किती लेखकांना मिळतो? तीच गत भाऊ पाध्यांच्या 'वासूनाका'ची. १९६५ साली ते आलं तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्याच्यावर अशी काही झोड उठवली की ज्यांना पुस्तकांशी देणंघेणं नव्हतं तेही प्रत शोधत निघाले. आमच्या भिशीत 'श्यामा'चं नाव निघाल्यापासून पाच जणी ती शोधतायत. अभ्यासासाठी.

या महिन्यात सगळ्यात मोठी फूट पाडली ती मात्र सुनीताबाईंनी. 'आहे मनोहर तरी' १९९०चं. पु. ल. तेव्हा हयात होते, अख्ख्या महाराष्ट्राचे लाडके होते, आणि त्यांच्या बायकोने उठून सांगितलं, की घरात तो असा आहे आणि मी अशी आहे. त्या वेळी आमच्या आईच्या मैत्रिणींत यावरून अबोले झाले होते. जरा आधीच, १९८८मध्ये, माधवी देसाईंचं 'नाच गं घुमा' आलं होतं. तिकडे 'स्वामी'कार रणजित देसाईंच्या घरातलं बाहेर, इकडे पुलंच्या घरातलं. साहित्यिक नवऱ्यांना तेव्हा झोप लागत होती की नाही कोण जाणे. तशी वाट लक्ष्मीबाई टिळकांनी केव्हाच पाडून ठेवली होती. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४चा. पण लक्ष्मीबाई नवऱ्याची फजिती सांगता सांगता हसवतात, त्यामुळे त्यांना सगळं माफ.

आमच्याकडे सरळ दोन पक्ष पडले. पुलंचा पक्ष म्हणतो, एवढं लिहायची काय गरज होती. त्यांनी पुस्तक वाचलेलं नाही, वाचणारही नाहीत, 'बटाट्याची चाळ' पुन्हा वाचणार आहेत. सुनीताबाईंच्या पक्षातल्या बायकांनी पेन्सिलीने खुणा करून प्रत अशी भरलीये की छापील ओळी शोधाव्या लागतात. एका पानाच्या समासात कुणीतरी नुसतं 'आमच्याकडेही' लिहिलंय. अक्षर ओळखीचं आहे. सांगणार नाही.

माझं मत? चार. सुनीताबाई स्वतःलाही सोडत नाहीत, हे या भांडणात कुणाच्याच लक्षात येत नाही. नवऱ्याच्या चुका मोजणाऱ्या बाया गल्लोगल्ली सापडतील, पण आपली मिजास, आपला हट्ट, आपली कठोरता तितक्याच काटेकोर अक्षरात मांडून ठेवणारी बाई मी तरी कमी पाहिली. एक तारा कापला, कारण मधे मधे त्या आपल्यालाही शिस्त लावतात.

'ययाति'चं मी थोडक्यात उरकते, कारण ते लिहिताना खांडेकरांनी थोडक्यात काही उरकलेलं नाही. १९५९ची कादंबरी, १९७४चं ज्ञानपीठ, मराठीतलं पहिलं. त्यावर मी काय बोलणार. तरी बोलते. वाक्यावाक्याला उपमा. दोन पानं वाचली की चहा लागतो. पण ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा तिघंही आपापल्या तोंडाने आपापली बाजू मांडतात, त्यामुळे ती सुटतही नाही. आणि बातमी अशी, की आमच्याकडच्या सुनांनी एकमताने देवयानीची बाजू घेतली! पिढ्यान्‌पिढ्या जिला आपण तापट, गर्विष्ठ म्हणत आलो तिची! "राजाने तिच्या पाठीमागे दुसरं घर थाटलं. तिने बापाला सांगितलं. चुकलं काय?" यावर सासवांच्या बाकावर जी शांतता पसरली, तिची नोंद मिनिटांच्या वहीत व्हायला हवी होती.

'पार्टनर'बद्दल तर बोलायचीच चोरी. व. पु. काळ्यांची इतकी वाक्यं सकाळी सकाळी गुलाबाच्या फुलावर छापून येतात, आणि त्यातली निम्मी वपुंची नसतातच, की खरं पुस्तक हातात घेतल्यावर वाटतं हे वाचलंय की काय. तरी वाचून बघा. मुंबईत नव्या जोडप्याला डोकं टेकायला जागा मिळत नाही, ही रड आजही जशीच्या तशी आहे. फक्त आकड्यांपुढची शून्यं वाढलीत.

'रारंगढांग'वरून भांडण झालं ते वेगळंच. पुस्तकाबद्दल दुमत नाही. प्रभाकर पेंढारकरांचा तो मुंबईचा तरुण इंजिनीयर हिमालयात लष्कराबरोबर रस्ता बांधायला जातो आणि कड्यापेक्षा नियमांशी जास्त झुंजतो. डोंबिवलीत याला पाचाच्या खाली गुण दिले तर दूध बंद होईल. पण बी विंगमधल्या ताईंनी ते ऐकलं! स्टोरीटेल २०१७ साली आपल्याकडे आलं आणि तेव्हापासून मराठी पुस्तकं कानातून आत शिरायला लागली. ताईंनी संध्याकाळच्या पोळ्या लाटता लाटता 'रारंगढांग' संपवलं आणि महिन्याच्या यादीत खुशाल टाकलं. बँकवाल्या काकांनी (तिकिटानंतरही त्यांचा आवाज कमी झालेला नाही) आक्षेप घेतला, की ऐकलेलं वाचलेलं कसं धरायचं? ताई कणीक मळतच म्हणाल्या, "काका, गुरुचरित्राचा सप्ताह तुमच्या घरी बसतो. गुरुजी वाचतात, तुम्ही ऐकता. पुण्य कुणाच्या खात्यात जमा होतं?"

काकांनी विषय बदलला. आणि खरंच की. आपल्याकडे सात दिवसांत पोथी संपवायची, रोज कुठल्या अध्यायापर्यंत जायचं ते आधी ठरलेलं, संपल्यावर शेजारीपाजारी जेवायला. हे गुडरीड्सवाले आत्ता आले. आपली उद्दिष्टपूर्ती केव्हापासून चालू आहे! पोथीला तारे द्यायचं धाडस तेवढं अजून कुणी केलेलं नाही. सी विंगमधल्या मुलीवर लक्ष ठेवायला हवं.

यादीत खाली एक बारीक अक्षरातला रकाना असतो, 'अर्धवट सोडलेली'. घोर कलियुग म्हणतात ते हेच. अर्धवट सगळेच सोडतात हो, पण छापून सांगतं का कुणी? या महिन्यात त्या रकान्यात 'मृत्युंजय' होतं. शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय'! कर्णाला सोडलं! आधी आईने सोडला, गुरूने शाप दिला, ऐन युद्धात रथाच्या चाकाने दगा दिला, आणि आता सी विंगने. मुलीचं कारण असं, की प्रत्येक जण स्वतःबद्दल फार बोलतो. काका त्या रात्री जेवले नाहीत म्हणतात.

या सगळ्या गदारोळात एक पुस्तक गुपचूप आलं आणि तारे न घेताच गेलं. देविदास सौदागर यांचं 'उसवण'. तुळजापूरचा हा माणूस स्वतः शिवणकाम करणारा, आणि कादंबरीही शिंप्याचीच, रेडीमेडने ज्याचं गिऱ्हाईक पळवलं अशा. २०२४चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला त्याला. ते पुस्तक आमच्या तळमजल्यावर ब्लाउज शिवणाऱ्या ताईंकडे गेलं. त्या भिशीत नाहीत. कुणाची तरी फॉल-पिकोची साडी न्यायला मी गेले, तर मशीनच्या बाजूला पुस्तक पालथं, वर खडू आणि माप घ्यायची टेप. विचारलं, कसं वाटतंय? त्यांनी पायडलवरचा पाय काढला नाही. म्हणाल्या, "शिंप्याची कंबर दुखते हे पुस्तकात पहिल्यांदा वाचलं." आणि मग, "तुमचा ब्लाउज बुधवारी." बाकी काही नाही. मी ते मत भिशीच्या वहीत जसंच्या तसं उतरवलं, तर सगळ्या जणी विचारतायत, अगं पण म्हणजे किती?

आता पुढच्या महिन्याची तयारी जोरात आहे. शेजारच्या वहिनींनी धसका घेऊन सडपातळ पुस्तकं सोडली आणि एकदम श्री. ना. पेंडशांचे 'तुंबाडचे खोत' आणले. दोन जाडजूड खंड. पहिला उशाला, दुसरा हातात. त्यांनी ग्रुपवर प्रश्न टाकला, की दोन खंड म्हणजे पुस्तक एक धरायचं की दोन? अ‍ॅडमिनने बराच वेळ 'टायपिंग' दाखवून निकाल दिला, "दोन." वहिनींनी लगेच नारळ फोडल्याचं चित्र टाकलं. पाठोपाठ ए विंगमधून बँकवाल्या काकांचा मेसेज आला. 'मृत्युंजय' ते दरवर्षी वाचतात, याही महिन्यात वाचायला घेतलंय, त्याचे नऊ भाग आहेत, तरी त्यांच्या नावावर नऊ पुस्तकं लिहावीत ही विनंती.

सी विंगमधून उत्तर आलंय. "काका, प्रत पाहायला पाठवा."